साडेत्रेसष्ट अंशांची वस्ती

प्रश्न असा आहे: "आमची इमारत दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत. आजोबांनी १९३० च्या दशकात इथे भाड्याने ब्लॉक घेतला. आता पुनर्विकासाची बोलणी चालली आहेत. भाडेकरूंच्या बैठकीत एक काका म्हणाले, ही वस्ती इंग्रजांनी आखून दिली. दुसरे म्हणाले, छे, लोक येत गेले आणि बांधत गेले. खरं काय? आणि आमच्याच इमारतीचा इतिहास शोधायचा तर कुठे शोधायचा?"

आधी एक जाड पुठ्ठा घ्या. त्याचा काटकोन त्रिकोण कापा: पाया १० सेंटिमीटर, उभी बाजू २० सेंटिमीटर. तळमजल्यावरच्या एखाद्या शेजाऱ्याकडे जा आणि पाया आडवा ठेवून तो त्रिकोण खिडकीच्या कठड्यावर धरा. काटकोन बाहेरच्या बाजूला, तुमचा डोळा आतल्या टोकाशी. आता तिरप्या बाजूच्या रेषेत वर बघा. समोरच्या इमारतीचा माथा त्या रेषेच्या खाली राहिला आणि तुम्हाला आभाळ दिसलं, तर तुमची इमारत पास.

हा खेळ मी पस्तीस वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करताना बहुतेक ठिकाणी खेळलो आहे. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंगा इथल्या जुन्या इमारती बहुधा पास होतात. मांडवी किंवा भुलेश्वरात हाच पुठ्ठा धरला की समोर नुसती भिंत.

त्या तिरप्या रेषेचा कोन साधारण साडेत्रेसष्ट अंशांचा. मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या शहर-सुधार संस्थेचे, अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० च्या आसपास हा आकडा लावून धरला. खोलीत पुरेसा उजेड आणि वारा यायचा असेल, तर समोरच्या अडथळ्याचा माथा या कोनाच्या वर जाता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. हिशेब सोपा आहे. अडथळा जितका उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा हवी. तीस फुटी इमारतीसमोर पंधरा फूट. तुमच्या खिडकीपासून समोरच्या इमारतीपर्यंतचं अंतर कोणा वास्तुविशारदाला सुचलं म्हणून ठरलेलं नाही, ते या हिशेबातून आलं. त्यामुळे पहिले काका जास्त बरोबर. दुसऱ्या काकांचं काय, ते पुढे येतंच.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचं निदान केलं. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे, रोज हजारो लोक त्याच्या बाजूने जातात आणि हा कोण हे बहुतेकांना ठाऊक नसतं. निदानानंतरच्या महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले, गिरण्यांना माणसं मिळेनात. उंदीर आणि पिसवांचा प्लेगशी संबंध तेव्हा सर्वमान्य झालेला नव्हता. सरकारी समजूत अशी, की रोग अंधारात, ओलीत आणि कोंदट हवेत पोसतो. म्हणून १८९८ साली खास कायदा करून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचं काम दुहेरी होतं. दक्षिणेकडच्या दाट वस्त्या फोडून रस्ते काढायचे, आणि उत्तरेकडे मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती बसवायची.

पहिल्या कामातून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, पुढे महंमद अली रोड असे रस्ते निघाले. दुसऱ्या कामातून तुमची कॉलनी.

दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजना १८९९-१९०० च्या सुमारास कागदावर आल्या. प्रत्येकीत साठ हजार लोक राहतील असा अंदाज होता. जमीन तेव्हा काय होती? भातखाचरं, माडांच्या वाड्या, सखल पाणथळ. नायगाव, माटुंगा, वडाळा, शीव ही जुनी गावं. भूसंपादन, भराव, गटारं, रस्ते यांत बरीच वर्षं गेली. १९१४ चं युद्ध आलं तेव्हा लोखंड-सिमेंट महाग झालं आणि आखलेले भूखंड तसेच पडून राहिले.

इथे दुसऱ्या काकांचा मुद्दा येतो. आखणी ट्रस्टने केली, पण वस्ती ट्रस्टने आणली नाही. मांडवी-नागपाड्यातून ज्यांची घरं पाडली, ते लोक इथे आलेच नाहीत. कामाचं ठिकाण लांब, भाडं परवडणारं नाही. ट्रस्टने घरं पाडली जास्त आणि बांधली कमी, ही टीका त्या काळीही झाली आणि मला ती रास्त वाटते. इथे आले ते कारकून, वकील, शिक्षक, डॉक्टर, सरकारी नोकर. तेही १९२० नंतर. फेब्रुवारी १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी हार्बर मार्गाने धावू लागली. ट्रॅम दादरपर्यंत होतीच. तुम्ही आजही खोदादाद सर्कलला 'दादर टी.टी.' म्हणता, त्यातला टी.टी. म्हणजे ट्रॅम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्रॅम बोरीबंदरहून सुटून दादरलाच आली. ट्रॅम गेली, नाव राहिलं.

भूखंडांचा व्यवहार कसा होई हे समजून घ्या, कारण त्यातच तुमच्या आजच्या भांडणाचं मूळ आहे. ट्रस्ट जमीन विकत नसे, भाडेपट्ट्याने देई. आधी करार: इतक्या मुदतीत, मंजूर नकाशाप्रमाणे इमारत बांधा. बांधून झाली की मग पट्टा, या भागात पुष्कळदा ९९९ वर्षांचा. पट्ट्यात अटी असत. वापर राहण्यासाठीच, रस्त्यापासून इतकं अंतर सोडायचं, उंची इतकी. मी वाचलेल्या जुन्या करारांचा सूर साधारण असा, की भूखंडाच्या एक-तृतीयांश भागावर बांधा आणि तळ अधिक दोन मजल्यांवर थांबा. म्हणजे आजच्या भाषेत एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम) १. एक-तृतीयांश गुणिले तीन मजले. वस्तीचं रूप म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, ते बरंचसं या चार-पाच कलमांत आहे.

१९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि ट्रस्टच्या जमिनी महापालिकेकडे गेल्या. म्हणून मालमत्ता पत्रक काढलंत तर बहुधा जमिनीची मालक महापालिका दिसेल, तुमचे घरमालक पट्टेदार, आणि तुम्ही त्यांचे भाडेकरू. तीन थर. हे ऐकलं की बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे मालक मालकच नाहीत?" ते इमारतीचे मालक आहेत. जमिनीचे पट्टेदार आहेत. आणि पुनर्विकासात महापालिकेच्या मालमत्ता खात्याची संमती लागते, ती याच कारणाने. बिल्डर पहिल्या बैठकीत हे सांगत नाही.

वस्ती भरत गेली ती समाजासमाजाने. पारशी कॉलनीचं श्रेय मंचेरजी जोशी यांना. ट्रस्टमध्येच इंजिनिअर असलेल्या या गृहस्थांनी १०३ भूखंड पारशी मध्यमवर्गासाठी राखून घेतले. फाइव्ह गार्डन्सच्या बाजूने चालताना झाडांच्या रांगा बघा. कुठल्या रस्त्याला कुठलं झाड हाही आखणीचाच भाग होता. माटुंग्यात दक्षिण भारतीय आले. आस्तिक समाजाचं मंदिर, साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या शाळा, १९४२ पासूनचं रामा नायकांचं उडुपी बोर्डिंग, हे सगळं त्या ओघातलं. हिंदू कॉलनीत मराठी पांढरपेशा मोठ्या संख्येने, आणि त्यांच्याबरोबर किंग जॉर्ज शाळा, आजची राजा शिवाजी. थोडं पुढे १९३७ मध्ये रुईया कॉलेज. पश्चिमेचं शिवाजी पार्क ही ट्रस्टची योजना नव्हे, ते महापालिकेचं काम. पार्कवाले आणि कॉलनीवाले यांच्यातला वाद मी इथे काढत नाही.

आता ब्लॉक. हा शब्द तुम्ही प्रश्नात सहज वापरलात, पण १९३० च्या मुंबईत ती नवी गोष्ट होती. गिरगावात माणूस राहायचा खोलीत. एक खोली, फार तर डबल रूम, पुढे चाळीची गॅलरी, आणि शेवटाला मजल्याचे सामाईक संडास. इथे आलं काय? एक दार लावलं की आत स्वयंपाकघर, मोरी आणि संडाससुद्धा. ज्या घरात देव आहेत आणि सोवळ्याचा स्वयंपाक आहे, त्या घरात संडास! एका ऐंशीच्या पुढच्या आजींनी मला सांगितलं होतं, की त्यांच्या सासूबाईंनी पहिले काही महिने त्या दाराला बाहेरून कडी लावून ठेवली होती आणि त्या खालच्या आवारातल्या संडासाला जायच्या.

या धास्तीचा ठसा नकाशातही आहे. तुमच्या घराचा आराखडा आठवा. संडास-मोरी मागच्या टोकाला, स्वयंपाकघरापासून शक्य तितकी दूर, मध्ये एखादा पॅसेज. आणि इमारतीच्या मागे लोखंडी गोल जिना. असेल तर बहुधा गंजून अर्धा गेलेला असेल. तो आगीसाठी नव्हता. सफाई कामगाराने पुढच्या जिन्याने येऊ नये म्हणून होता. त्याने मागून यावं, मागच्या दाराने संडास धुवावा, मागून जावं. फ्लश आला तरी जिना राहिला. हल्ली वारसाप्रेमी मंडळी या जिन्यांचे सुंदर फोटो काढतात. काढावेत, पण खाली तो कोणासाठी होता तेही लिहावं.

हे मी इथे मुद्दाम सांगतो, कारण याच कॉलनीत 'राजगृह' आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून परळच्या पोयबावाडीत ट्रस्टच्या चाळीत राहत होते, तीच ती बी.आय.टी. चाळ. बी.आय.टी. म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. बावीस वर्षांनी, १९३४ च्या सुमारास, ते राजगृहात राहायला आले. घर बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. ट्रस्टने मुंबईत दोन प्रकारची घरं निर्माण केली: गरिबांसाठी दहा-बाय-दहाच्या खोल्यांच्या चाळी, आणि मध्यमवर्गासाठी साडेत्रेसष्ट अंशांचे भूखंड. या दोन्हींत राहिलेला दुसरा इतका मोठा माणूस मला माहीत नाही. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं, त्यानंतर अंत्यदर्शन याच घरात होतं. तुमच्या कॉलनीच्या कडेने जाणारा किंग्जवे आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आहे.

पुढची काही दशकं फार बदलाची नाहीत, आणि तसं का हे एका कायद्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकलं. फाळणी, युद्धोत्तर टंचाई, भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण ती गाठ पुढे कोणी सोडवली नाही. एका इमारतीच्या पावत्या मी तपासत होतो, तेव्हा तीन खोल्यांचं महिन्याचं भाडं जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याला दिलेल्या महिन्याच्या पैशांहून कमी होतं. मालक मग रंग कशाला लावेल? त्याने पागडी घेतली आणि दुरुस्ती सोडून दिली. १९६९ मध्ये सरकारने उपकर (सेस) बसवून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं मंडळ काढलं, ते पुढे म्हाडात गेलं. १९९९ च्या कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पागडीला कायदेशीर मान्यता मिळाली आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीची सोय झाली. मूळ भाडंच इतकं कमी, की चार टक्क्यांनी कोणाचंच समाधान झालं नाही. मात्र या गोठलेल्या भाड्यामुळेच तुमची तीन मजली इमारत तीन मजलीच राहिली. पाडून बांधणं कोणालाच फायद्याचं नव्हतं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ३३(७) हा नियम आला आणि गणित फिरलं. उपकरप्राप्त, म्हणजे हा उपकर लागू असलेल्या, इमारतीच्या पुनर्विकासाला वाढीव एफएसआय मिळू लागला, तो पुढे ३ पर्यंत गेला. जिथे १ होता तिथे ३.

इमारतीच्या तब्येतीबद्दल थोडं, कारण "इतकी जुनी म्हणजे पडायलाच झाली" हे वाक्य तुमच्या बैठकीत येणार. १९२० च्या दशकातल्या इमारती बहुधा भारवाहू विटांच्या भिंतींच्या, आत सागाचे वासे किंवा लोखंडी गर्डर, त्यावर लादी आणि कोबा. १९३० नंतर आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, वाढलं. गोल कोपऱ्याच्या बाल्कन्या आणि आडव्या पट्ट्यांचे छज्जे दिसले की तो काळ समजा. गंमत अशी, की आधीच्या विटांच्या भिंती पुष्कळदा नंतरच्या काँक्रीटपेक्षा बऱ्या निघतात. त्या वेळच्या काँक्रीटमध्ये सळईवरचं आवरण पातळ, आणि आपली हवा खारट. पाणी मुरतं, सळई गंजते, गंज फुगतो, काँक्रीटचं कवच सुटतं. हातोडीने हळू ठोकत गेलं की ठणठणीत आवाज अचानक पोकळ होतो, तिथे खडूने गोल करायचा. गच्चीखालचा मजला, मोऱ्यांखालची छतं आणि छज्जे यांत असे गोल सर्वांत जास्त. सगळी इमारत तशी क्वचितच असते. एका इमारतीत आधीच्या सल्लागाराने केलेल्या ऑडिटमध्ये थेट सी-१, म्हणजे पाडण्यायोग्य, असा शेरा होता. आम्ही खडू घेऊन फिरलो तर दोष बहुतेक दोन मोऱ्यांच्या उभ्या रांगेत सापडले, एका फुटलेल्या ड्रेनेज पाइपमुळे. म्हणून ऑडिट वाचताना शेवटचा शेरा नंतर वाचा, आधी कुठे ठोकलं आणि कुठून नमुने घेतले ते बघा.

पुनर्विकास करू नका असं मी म्हणणार नाही. चौथ्या पिढीने लिफ्ट नसलेल्या इमारतीत आजारी माणसांना खुर्चीवर बसवून खाली आणावं, असं सांगायचा मला अधिकार नाही. फक्त बिल्डरच्या आर्किटेक्टकडे नकाशाबरोबर उभा छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखं चित्र, मागा. सगळे जण चटईक्षेत्र मोजतात, "आम्हाला किती वाढीव?" एवढंच. छेदात दिसतं, की गाड्यांसाठी पोडियम, म्हणजे उंच चौथरा, उभा राहिला की आवारातली मोकळी जागा तळमजल्यावरून नाहीशी होते, आणि मोकळ्या जागेतली तूट महापालिकेला प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून माफ करून घेतलेली असते. पहिल्या राहत्या मजल्याच्या खिडकीतून छेदावर तुमचा पुठ्ठा ठेवा. भाडेकरूंचं पुनर्वसन बहुधा खालच्याच मजल्यांवर होतं, आणि उजेड जातो तो त्यांचा. वाटाघाटीत हे मांडून काही ठिकाणी आम्हाला आठ-दहा फूट जास्तीचं अंतर मिळालंय. काही ठिकाणी नाही मिळालं.

आता इतिहास कुठे शोधायचा.

शहर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नकाशा काढा. तुमचा भाग दादर-नायगाव किंवा माटुंगा विभागात असेल, त्याप्रमाणे सी.एस. नंबर लागेल. पत्रकावर पट्ट्याची नोंद, बहुधा योजनेतला जुना भूखंड क्रमांकही मिळतो. तो क्रमांक हाती आला की महापालिकेच्या मालमत्ता खात्यात मूळ पट्ट्याची प्रत मागता येते. वेळ लागेल, माहितीच्या अधिकारात अर्ज करायची तयारी ठेवा. एफ उत्तर विभागाच्या करनिर्धारण खात्यात इमारतीची पहिली आकारणी कोणत्या वर्षी झाली ते कळतं. बांधकाम संपल्याचं वर्ष सांगणारा हा सर्वांत भरवशाचा कागद, कारण कर चुकवायला वर्ष मागे-पुढे करण्यात कोणाला रस असला तरी महापालिकेला नव्हता. उपकराचा प्रवर्ग बघा. 'अ' म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, 'ब' म्हणजे त्यानंतर १९५० अखेरपर्यंतची.

सर्वांत सुंदर कागद मात्र घरमालकाच्या घरी असतो, मिळाला तर. ड्रेनेजचा नकाशा. कापडावर काढलेला, मोऱ्या आणि पाइप लाल-निळ्या शाईत, कोपऱ्यात मंजुरीचा शिक्का. एकदा मला तो गादीखाली घातलेला सापडला, चादरीला डाग पडू नयेत म्हणून. त्यावर प्रत्येक खोलीचा उपयोग लिहिलेला होता, आणि आज जिथे फ्रीज उभा आहे तिथे 'देवघर' होतं.

आणि दुरुस्तीत कधी जमिनीची नक्षीची टाइल निघाली तर उलटी करून बघा. मागे अनेकदा उत्पादकाचा छाप असतो. १९२२ मध्ये स्वदेशीच्या जिद्दीने सुरू झालेल्या भारत टाइल्स कंपनीच्या टाइल या भागात पुष्कळ सापडतात. काही घरांत बाहेरच्या खोलीत देशी आणि आत परदेशी, असंही आहे. पाहुण्यांना काय दिसावं हे आजोबांनी ठरवलं असणार.